फांदीच्या टोकावर

प्रश्न : 'गो आउट ऑन अ लिंब' असं वाचलं. शब्दकोशात 'लिंब' म्हणजे हात-पाय. मग हातपाय मोडायचा धोका पत्करणे, असा अर्थ घ्यायचा का?
– एक वाचक, पिंपळगाव राजा (ता. खामगाव)

उत्तर : शब्दकोश बरोबर आहे, फक्त अर्थ दुसरा घ्या. इथे 'लिंब' म्हणजे झाडाची जाड फांदी. उच्चार मात्र 'लिम'. शेवटचा 'ब' मुका. (आपल्या कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही!) बुंधा सोडून फांदीच्या टोकाकडे गेलं की धरायला काही उरत नाही. म्हणून कुणाचा पाठिंबा नसताना ठाम मत देणं, असा अर्थ. तुमच्याच जिल्ह्यातलं पाहा. अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. त्याला परंपरेचा बुंधा आहे. ते ऐकून पारावर सगळे माना डोलवत असताना एकटाच उलट बोलला, तर तो फांदीवर गेला.

हातपायांचा अर्थ 'रिस्क लाइफ अँड लिम' यात येतो, म्हणजे जिवावर उदार होणे. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. अंगावरच्या धोक्यासाठी आधीचा वाक्प्रचार वापरू नका. मराठीत 'एकट्याने जोखीम पत्करून बोलणे' एवढं पुरे.