मोडक्या वस्तूंचे मोल

ज्याच्यापाशी शेत नाही व हाती भांडवल नाही, अशा मनुष्यासही प्रामाणिकपणे चार पैसे मिळवून देणारा एक उद्योग म्हणजे भंगार गोळा करून विकणे हा होय. हिंगोली जिल्ह्यातील गावे पाहा. गोठ्यामागे नांगराचा गंजलेला फाळ, बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव, हळद शिजविण्याची फुटकी कढई, विहिरीवरची जळालेली मोटार, असे काही ना काही पडलेले असते. घरधन्यास ती अडगळ वाटते. जाणत्यास ती मिळकत होते.

१. निवड. सर्व धातू एकाच पोत्यात भरून नेल्यास सर्वांस लोखंडाचाच भाव मिळण्याचे भय असते. म्हणून जवळ लोहचुंबक ठेवावे. लोखंड त्यास चिकटते. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम चिकटत नाहीत. तांबे तांबूस, पितळ पिवळे. ॲल्युमिनियम पांढरट असून त्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचे भरते. मोटारीच्या लोखंडी कवचाच्या आत बहुधा तांब्याची तार असते. ती वेगळी काढणाऱ्यास तांब्याचा भाव मिळतो.

२. जपणूक. तारेवरचे वेष्टन जाळू नये, कारण तो धूर विषारी असतो. ते सुरीने सोलावे. बॅटरी कधीही फोडू नये. तिच्यात गंधकाम्ल व शिसे असते, आणि शिशाची धूळ लेकरांच्या बुद्धीस कायमची हानी करिते. बॅटरी अखंडच विकावी.

३. सचोटी. हीच मुख्य गोष्ट होय. कोणी रात्री तारेचे वेटोळे स्वस्तात आणून दिले, तर ते घेऊ नये. कोणाच्या तरी विहिरीवरची ती तार असेल, आणि तिच्यावाचून त्याची हळद वाळत असेल. चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे अपराधी ठरतो. रेल्वेच्या मालासाठी तर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. माल कोणाचा, हे दिवसाउजेडी विचारून घ्यावे व घेताना काटा खरा ठेवावा.

हे काम हलके नव्हे. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारिली आणि आपल्या श्रमास मान मिळविला. त्यांतील बहुतेक स्त्रिया होत्या.

तर वाचकहो, आपल्या दारी भंगारवाला आला असता आपण त्यास कोणत्या नावाने हाक मारितो, याचाही विचार करावा.