विहिरीच्या पाण्यांतील फ्लोराइड व तें प्रकाशानें ओळखण्याची रीत

महसुली दप्तरांत आमच्या हयातीचा मोठा भाग गेला. पीक-पाहणीच्या वेळीं शेतांत विहीर आहे कीं नाहीं, तिच्यावर किती क्षेत्र भिजतें, हें आम्हीं बिनचूक लिहिलें; परंतु तिचें पाणी पिण्यास कसें, हें लिहिण्यास नमुन्यांत रकाना नव्हता, व आम्हांसही तो प्रश्न कधीं सुचला नाहीं. पुढें पुसदजवळील आमच्याच शेतांत कूपनलिका खोदविली. पाणी स्वच्छ, थंड व चवीस उत्तम. घरचीं माणसें व सालदाराचीं मुलें कित्येक वर्षें तेंच पाणी प्यालीं. मुलांच्या नव्या दांतांवर खडूसारखे पांढरे व तपकिरी पट्टे उमटूं लागले, तेव्हां दांत घासण्याचा आळस समजून आम्हीं मुलांसच रागें भरलों. पाणी तपासविल्यावर चूक मुलांची नव्हे, आमची, हें कळलें. असा प्रसंग वाचकांवर येऊं नये, म्हणून हा पाठ.

पाण्यांत फ्लोराइड कोठून येतें? खडकांतील कांहीं खनिजांत तें असतें. पाणी खडकांत दीर्घकाळ राहिलें, त्यांत चुन्याचा अंश कमी व खारटपणा सोड्याच्या जातीचा असला, म्हणजे तें अधिक उतरतें. म्हणून खोल कूपनलिकेविषयीं विशेष सावध असावें. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर व झरी-जामणी आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील किनवट ह्या तालुक्यांतील कित्येक गांवीं हा दोष आढळला आहे.

भारतीय मानक 10500 (सन 2012) प्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतें. दुसरा उद्भव नसल्यास 1.5 पर्यंत मुभा आहे. म्हणजे हजार लिटरांच्या टाकींत अवघा दीड ग्रॅम! ह्याहून अधिक असल्यास लहान मुलांच्या, हिरडीखालीं घडत असलेल्या दांतांवर कायमचे डाग पडतात. प्रमाण बरेंच अधिक असून वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास हाडें व सांधे ताठरतात. गुरांसही हीच बाधा होते. रंग, वास वा चव ह्यांवरून तें ओळखतां येत नाहीं.

रंगाची जुनी रीत. हळदींत चुना मिसळतांच ती लाल होते, हें घरोघर ठाऊक आहे. एक पदार्थ दुसऱ्यास भेटून रंग पालटतो, हेंच पाणी-परीक्षेचें तत्त्व. झिर्कोनियम धातु व एक रंग ह्यांची जोडी पाण्यांत घालतात. फ्लोराइड त्या जोडींतून झिर्कोनियम ओढून घेतें व रंग फिकटतो अथवा पालटतो. जितकें फ्लोराइड अधिक, तितका पालट अधिक. मात्र किंचित फिकटलेला रंग डोळ्यास नीट उमगत नाहीं, व पाण्यांतील इतर क्षारही कधीं कधीं फसवितात.

चकाकीची नवी रीत. कांहीं पदार्थांवर डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण पडले असतां ते स्वतः दृश्य प्रकाश देतात. ह्यास प्रतिदीप्ति म्हणतात. इंग्लंडांतील स्टोक्स ह्या शास्त्रज्ञानें सन 1852 मध्यें फ्लोरस्पार ह्या चकाकणाऱ्या खनिजावरून तिला इंग्रजी नांव दिलें. त्याच खनिजावरून फ्लोरिन ह्या मूलद्रव्याचेंही नांव पडलें. तथापि नामसादृश्यानें फसूं नये. पाण्यांतील फ्लोराइड स्वतः चकाकत नाहीं.

म्हणून रसायनज्ञांनीं युक्ति केली. चकाकणाऱ्या रंगाच्या रेणूस सिलिकॉनयुक्त टोपण बसविलें, कीं त्याची चकाकी दबते. फ्लोराइडास सिलिकॉनची ओढ फार. तें टोपण तोडून घेऊन जातें आणि मोकळा झालेला रंग चमकूं लागतो. अंधारांत पेटलेली पणती जशी चटकन दिसते, तशी ही खूण अल्प प्रमाणांतही दिसते. दुसऱ्या जातीच्या रेणूंत बोरॉन फ्लोराइडास धरतो व चकाकी बदलते.

ह्या रीतींत एक अडचण मोठी आहे. फ्लोराइडाभोवतीं पाण्याचे रेणू घट्ट बिलगून असतात. त्यामुळें असे पुष्कळ रेणू सेंद्रिय द्रावकांत उत्तम चालतात, पण निव्वळ पाण्यांत मंदावतात. विहिरीच्या पाण्यावर थेट चालतील असे रेणू व कागदी पट्ट्या बनविण्याचे प्रयत्न संशोधक करीत आहेत. म्हणून चकाकीची वाट पाहत बसूं नये. आज उपलब्ध असलेली परीक्षा आजच करावी.

कर्तव्य काय? नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलींत घ्यावा, कांचेच्या नव्हे. पंप कांहीं मिनिटें चालवून, बाटली त्याच पाण्यानें तीनदां विसळून भरावी. वर गट क्रमांक व तारीख लिहावी. सन 2019 पासूनच्या जलजीवन अभियानांत पाणी-परीक्षेच्या पेट्या व गांवांतील पांच स्त्रियांस शिक्षण अशी योजना आहे. तेथें अथवा सरकारी प्रयोगशाळेंत चौकशी करावी. पावसाळ्यापूर्वीं व नंतर अशी दोनदां परीक्षा बरी.

दोष निघाल्यास पाणी उकळूं नये. उकळल्यानें पाणी आटतें, फ्लोराइड तितकेंच राहतें. पिण्यास निर्दोष ठरलेली दुसरी विहीर अथवा सांठविलेलें स्वच्छ पावसाचें पाणी योजावें. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा रीत बसविली आहे. पण तींतील मापें जाणत्याकडूनच ठरवून घ्यावीं.

दप्तरांत रकाना नसला तरी आपल्या वहींत तो आंखण्यास कोणाची मंजुरी लागत नाहीं. विहिरीची खोली व पाण्याची पातळी लिहितां, तिच्याशेजारीं फ्लोराइडाचा आंकडाही लिहावा. आमच्या वहींत तो आतां आहे. मुलांच्या दांतांवरील डाग मात्र पुसले जाणार नाहींत.