कर्णनाद आणि दुसरा बाण
(आरोग्यविषयक अभ्यासपाठ)



या पाठासाठी आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. कानात आवाज येणे ही आपल्या बीड जिल्ह्यात घरोघरी बोलली जाणारी तक्रार आहे. कोणी म्हणते कान वाजतात, कोणी म्हणते कानात रातकिडे ओरडतात, कोणाला शिट्टी तर कोणाला गिरणीची घरघर ऐकू येते. बाहेर आवाज नसताना आत आवाज ऐकू येणे यास कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेतील कानाच्या रोगांमध्येही हे नाव आढळते, इतका हा विकार जुना आहे. पुष्कळांना तो अधूनमधून होतो आणि जातो. परंतु काहींच्या बाबतीत तो रात्रंदिवस राहतो, मधूनच उसळी घेतो आणि माणसाची झोप, काम व उमेद हिरावून घेतो. अशा उसळीच्या वेळी काय करावे आणि आधार कोठे शोधावा, एवढाच या पाठाचा उद्देश आहे.

विषय निवडण्याचे कारण आमच्या स्वतःच्या अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत आम्ही तीन तास ध्वनिक्षेपकांच्या भिंतीलगत चाललो. रात्री घरी आलो तो उजव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली. सकाळपर्यंत जाईल म्हटले, ती गेली नाही. चार दिवसांनी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटांत सांगितले, "याला औषध नाही, सवय करून घ्या." सवय कशी करावी हे मात्र सांगितले नाही. त्यानंतरचे दोन महिने आम्ही रात्री ओट्यावर बसून काढले. घरच्यांना आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे आमचे दुःखही त्यांना दिसत नव्हते. पुढे एका रविवारी विहारात वंदनेनंतर सहज विषय निघाला आणि शेजारी बसलेले एक वृद्ध उपासक म्हणाले, "गुरुजी, माझाबी कान बारा वर्षं झाली वाजतोय." त्या एका वाक्याने जो धीर मिळाला, तो तोपर्यंत घेतलेल्या कोणत्याही गोळीने मिळाला नव्हता.

आवाज येतो कोठून?

आपल्या आतील कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे १५ हजार. बाहेरच्या ध्वनीने हे तंतू हलतात आणि त्याचा संदेश मेंदूकडे जातो. मोठ्या आवाजाने, वयोमानाने अथवा काही औषधांनी या पेशी मेल्या तर माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे येणारे संदेश कमी पडतात व मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवितो. रेडिओवर दूरचे केंद्र नीट लागत नसले की आपण आवाज वाढवितो आणि केंद्राऐवजी खरखरच मोठी ऐकू येते, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे हा आवाज भ्रम नव्हे, वेडाचे लक्षण नव्हे आणि भूतबाधा तर नव्हेच.

हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे सांगणारेही भेटतात. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते ही कल्पना तपासून नाकारली आहे. दुःखाला कारण असते, कारण शोधता येते, हीच आपली वाट होय.

१९५३ साली अमेरिकेत हेलर व बर्गमन या दोघांनी एक साधा प्रयोग केला. कान चांगले असलेल्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसविले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. म्हणजे पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकालाच आतला आवाज ऐकू येऊ शकतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव असतो, तर २ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांना तो तीव्र स्वरूपात असतो. आवाज पुष्कळांना आहे, छळ मात्र थोड्यांना होतो. हा फरक कशाने पडतो?

पहिला बाण, दुसरा बाण

या प्रश्नाचे उत्तर संयुत्तनिकायातील सल्लत्थ सुत्तात सापडते. तथागतांनी तेथे बाणाचा दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. त्यावर तो शोक करतो, घाबरतो, चिडतो, हा दुसरा बाण. शिकलेल्या श्रावकालाही पहिला बाण लागतोच, परंतु तो दुसरा बाण लावून घेत नाही.

कर्णनादात कानातील शिट्टी हा पहिला बाण. "हा आवाज आता वाढतच जाणार, मी बहिरा होणार, मला वेड लागणार, आता कधीच झोप येणार नाही" हा दुसरा बाण. आधुनिक शास्त्रही येथे येऊन पोहोचले आहे. १९९० साली जॅस्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञाने मांडले की आवाजाला मेंदूने धोक्याची खूण मानले, की भीतीची यंत्रणा जागी होते, लक्ष आवाजावर खिळते आणि आवाज अधिकच मोठा भासतो. त्यातून अधिक भीती, असे चक्र चालते. आवाज पूर्णपणे बंद करणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. परंतु हे चक्र सैल करता येते. विचार व वर्तन बदलण्याच्या मानसोपचाराने कर्णनादाचा जीवनावरील त्रास कमी होतो, असा निष्कर्ष २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात निघाला आहे. म्हणून "याला औषध नाही" हे वाक्य अर्धेच खरे आहे. औषध नाही, पण उपाय आहे.

प्रथम तपासणी

धीर धरावा, परंतु तपासणी टाळून नव्हे. पुढील लक्षणे असल्यास वेळ दवडू नये :

१. एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांत, ऐकू येणे कमी झाले असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. येथे उपचार जितका लवकर तितका लाभ अधिक.
२. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल.
३. आवाज एकाच कानात सतत असेल.
४. सोबत चक्कर, तोंड वाकडे होणे, कानातून पू अथवा रक्त येणे असेल. डोक्याला मार लागल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तरीही.

आपल्या जिल्ह्यात बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही सरकारी ठिकाणे आहेत. श्रवण तपासणी करून घ्यावी. कानात मळ घट्ट बसला असेल तर तो काढल्यावरही काहींचा आवाज थांबतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत मिळतात व आतला आवाज मागे पडतो. अल्प उत्पन्न असणाऱ्यांना केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. नुसता कर्णनाद २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील प्रकारांत येत नाही, पण सोबतचा श्रवणदोष ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. क्षयरोगासाठी वापरली गेलेली स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन ही इंजेक्शने, तसेच ॲस्पिरिनचे मोठे डोस यांनी कानाला बाधा होऊ शकते. मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. लसणाचे गरम तेल कानात घालणे, काडीने अथवा पिनेने कान कोरणे, बाजारात बसणाऱ्याकडून कान साफ करून घेणे हे सर्व कटाक्षाने टाळावे. पडद्याला छिद्र असेल तर असे तेल घात करते.

उसळी आली असता

ताप, सर्दी, अपुरी झोप, घरातील चिंता, मोठा आवाज, यांपैकी कशानेही कर्णनाद जोर धरतो. काही वेळा कारण सापडतही नाही. अशा वेळी :

एक, स्वतःस सांगावे की ही उसळी आहे. बहुतेक उसळ्या काही दिवसांत ओसरतात. मागील उसळी कधी आली व कधी गेली हे वहीत लिहून ठेवलेले असेल तर मध्यरात्री तीच वही मोठा आधार ठरते.

दोन, पूर्ण शांततेत बसू नये. पंखा लावावा, रेडिओ बारीक ठेवावा, नळाखाली बादलीत पाण्याची बारीक धार सोडावी. १९७० च्या दशकात अमेरिकेतील पोर्टलँड शहरात चार्ल्स युनिस हे स्वतः कर्णनादाने त्रस्त असलेले डॉक्टर एका कारंज्याजवळ उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आले की पाण्याच्या आवाजात आपला आवाज ऐकूच येत नाही. सोबतच्या जॅक व्हर्नन या शास्त्रज्ञाने त्यावरून कानात घालावयाचे ध्वनियंत्र पुढे आणले. पावसाळ्यात कपिलधार किंवा सौताड्याच्या धबधब्याजवळ गेलेल्या आपल्या माणसांना हा अनुभव सहज येईल. घरी मात्र बाहेरचा आवाज आतल्या आवाजापेक्षा किंचित कमीच ठेवावा. आतला आवाज बुडवावयाचा नाही, त्याला सोबत द्यावयाची आहे.

तीन, दर तासाला "आता किती आहे?" असे तपासू नये. जखमेवरची खपली सारखी काढली तर जखम भरत नाही.

चार, ध्यान करणाऱ्यांनी तारतम्य ठेवावे. आनापानाने मन स्थिरावते हे खरे, परंतु तीव्र उसळीत डोळे मिटून शांततेत बसल्यास काहींना आवाजच मोठा वाटतो. अशांनी डोळे उघडे ठेवून चंक्रमण करावे. पावलांकडे लक्ष द्यावे, झाडांचा व रस्त्याचा आवाज ऐकत चालावे. दहा दिवसांच्या मौन शिबिरास जाण्यापूर्वी डॉक्टर व आचार्य या दोघांनाही हा त्रास सांगावा. चालून चालून पाय रक्तबंबाळ करणाऱ्या सोण भिक्षूला तथागतांनी वीणेच्या तारेचे उदाहरण दिले होते. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. ते येथेही लागू आहे.

पाच, झोप आली नाही तरी उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी. घड्याळाकडे पाहू नये. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नये. पाचव्या शीलाचे पालन येथे वैद्यकीय दृष्ट्याही हितकारक आहे, कारण दारूची झोप तुटक असते. चहा एकदम तोडण्याचे कारण नाही, संध्याकाळनंतरचा कमी करावा.

सहा, मोठ्या आवाजात कानात बोळे घालावेत, पण घरातील साध्या आवाजात दिवसभर कापूस घालून बसू नये. त्याने कान अधिक हळवे होतात.

सात, जगणे नकोसे वाटू लागले तर ती गोष्ट मनात ठेवू नये. जवळच्या माणसास त्याच क्षणी सांगावे व एकटे राहू नये. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. जीव धोक्यात वाटला तर थेट जवळच्या रुग्णालयात जावे. हे सांगण्यात लाज कसली? दुखणे कानाचे आहे, पण सोसावे मनाला लागते.

घर, विहार आणि संस्था

विनयपिटकात एका आजारी भिक्षूची हकीकत आहे. तो अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले, अंथरुणावर नीट निजविले आणि मग संघाला समज दिली की तुम्हाला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करावयाची आहे. आजाऱ्याचे दुःख दिसत नसले तरी ही शिकवण लागू होते.

घरच्यांनी "मनाचे खेळ आहेत" असे म्हणू नये. "दुर्लक्ष कर" हा सल्लाही रुग्णाने हजारदा ऐकलेला असतो. त्याऐवजी "आज रात्र कशी गेली?" एवढे विचारावे. बोलताना समोर येऊन, चेहरा दिसेल असे बोलावे. परदेशात अशा रुग्णांनी आपल्या संघटना फार पूर्वी उभारल्या, अमेरिकेत १९७१ साली आणि ब्रिटनमध्ये १९७९ साली. आपल्याकडे विहार आहे. रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा अर्धा तास अशा सभासदांनी एकत्र बसावे, रात्री फोन केला तरी चालेल अशा दोन माणसांची नावे ठरवावीत, आणि प्रथम तपासणीला जाणाऱ्याबरोबर कोणीतरी अंबाजोगाईला किंवा बीडला जावे, अशी आमची संस्थेला नम्र सूचना आहे. दसरा-दिवाळीनंतर उसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची तपासणी कोयता हाती घेण्यापूर्वीच व्हावी, कारण पुढचे पाच-सहा महिने कोपीवर राहून तज्ज्ञाकडे जाणे त्यांना शक्य होत नाही.

शेवटी एक कटू गोष्ट. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, तर १०० डेसिबल आवाजात केवळ १५ मिनिटे, एवढीच कानाची सुरक्षित मर्यादा अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने धरली आहे. उसाच्या ट्रॅक्टरवरील गाणी, लग्नाच्या वराती, सर्वच उत्सवांच्या मिरवणुका आणि आपली १४ एप्रिलची मिरवणूकही या मर्यादेपलीकडे जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास सर्वसाधारणपणे मनाई आहे. इतरांना सांगण्यापूर्वी सुरुवात आपण करावी. मिरवणुकीत लेझीम असो, ढोल असो, गाणेही असो, पण ध्वनिक्षेपकांची भिंत नको. लहान मुलांना खांद्यावर घेऊन आपण तिच्याजवळून चालतो. "शिका" असे सांगणाऱ्या महापुरुषाच्या जयंतीला वर्गातले शब्द ऐकणारे त्यांचे कान आपणच निकामी करावेत काय?

आमच्या कानातील शिट्टी आजही आहे. हा पाठ लिहिताना ती ऐकू येत होती. पण पंखा फिरत होता, लिहिण्यात मन होते, आणि पुष्कळ वेळ आम्ही तिला विसरलो होतो. पहिला बाण तेथेच आहे. दुसरा आम्ही रोज थोडा थोडा काढीत आहोत, आणि ते काम आम्ही एकट्याने केलेले नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कर्णनादातील 'पहिला बाण' आणि 'दुसरा बाण' स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. पूर्ण शांतता कर्णनादाच्या रुग्णास त्रासदायक का ठरते? १९५३ च्या प्रयोगाच्या आधारे लिहा.
३. कोणती लक्षणे दिसताच तज्ज्ञांकडे जावे?
४. आपल्या घरात अथवा वस्तीत कोणाला हा त्रास आहे काय? त्यांच्याजवळ बसून त्यांची रात्र कशी जाते ते विचारा आणि वर्गात सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!