शेतकऱ्याची पाठ, मान व खांदे : त्यांचे दुखणे व त्यावरील उपाय

पोळ्याच्या आदल्या दिवशी मराठवाड्यातील शेतकरी बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेला खांदा कोमट पाण्याने शेकावयाचा, त्यास हळद व तूप किंवा तेल चोळावयाचे आणि दुसऱ्या दिवशी त्या मुक्या जनावरास पूर्ण विसावा द्यावयाचा, ही रीत फार जुनी आहे. श्रम करणाऱ्या अवयवास मालीश व विश्रांती लागते, हे ज्ञान आपल्या खेडुतास पूर्वापार आहे, हेच यावरून दिसते. परंतु हेच ज्ञान तो स्वतःच्या पाठीस, आणि घरच्या लक्ष्मीच्या पाठीस, क्वचितच लागू करतो. कंबर धरली तरी ‘काम आहे म्हणून दुखते’ असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते व ऐन सुगीत माणूस अंथरुणास खिळतो. हे टाळणे बहुतांशी आपल्या हाती आहे. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुखणे कोणत्या कामातून येते?

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, ऊस व हळद ही प्रमुख पिके होत. यांपैकी बहुतेक पिकांची कामे वाकून करावी लागतात. खुरपणी करणारी स्त्री दिवसभर उकिडवी बसून पुढे सरकते. सोयाबीन कापणारा मजूर कमरेत वाकून एका हाताने मूठ धरतो व दुसऱ्या हाताने विळा चालवितो. कापूस वेचणारी स्त्री ओटीचे वाढते ओझे कमरेला बांधून खालच्या बोंडांसाठी पुन्हा पुन्हा वाकते. ऊसतोडणी कामगार मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढतो.

ओझ्यांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. सोळा लिटरच्या फवारणी पंपातील पाण्याचेच वजन १६ किलो भरते. पंपाचे स्वतःचे वजन धरले म्हणजे ते २० किलोच्या आसपास जाते. एकरी २०० लिटर द्रावण फवारावयाचे असल्यास असे बारा-तेरा पंप पाठीवर घ्यावे लागतात. युरियाची गोणी ४५ किलोची, तर डी.ए.पी.ची ५० किलोची असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने नेहमी हाताने उचलावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सांगितली असून स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असे म्हटले आहे. त्याहून जड पोती एकट्याने पाठीवर घेणे हा पराक्रम नव्हे, ती स्वतःच्या शरीराची नासधूस होय.

पाठीची रचना

पाठीचा कणा हा एकसंध दांडा नसून लहान लहान मणक्यांची माळ आहे. मानेत ७, पाठीत १२ व कमरेत ५ मणके असतात. दोन मणक्यांमध्ये मऊ, लवचिक चकती असते व ती धक्का सोसते. ही सारी माळ उभी ठेवण्याचे काम पाठीचे व पोटाचे स्नायू करतात.

लोखंडी पहारेचे एक टोक मुठीत धरून दुसऱ्या टोकाला वजन लटकावले तर मनगटावर किती ताण येतो, हे प्रत्येकास ठाऊक आहे. तेच वजन मुठीजवळ आणले की ताण कमी होतो. वाकलेल्या पाठीचेही तसेच आहे. शरीराचे निम्म्याहून अधिक वजन कमरेच्या वर असते. माणूस पुढे वाकला की हे सारे वजन पहारेच्या टोकासारखे लोंबू लागते व ते तोलण्यासाठी कमरेच्या स्नायूंना अनेक पटींनी जोर लावावा लागतो. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेम्सन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीत येणारा दाब प्रत्यक्ष मोजला. आडवे झाल्यावर तो सर्वांत कमी, उभे राहिल्यावर अधिक, पुढे वाकून बसल्यावर त्याहून अधिक व वाकून ओझे उचलताना फारच अधिक असतो, असे त्यांना आढळले.

याखेरीज दुसरे कारण म्हणजे एकाच स्थितीत दीर्घकाळ राहणे. सतत ताणलेल्या स्नायूला पुरेसे रक्त मिळत नाही, तो थकतो व आखडतो. म्हणून हलके कामही तासन् तास एकाच ढंगाने केल्यास मान व खांदे धरतात.

काम करण्याची योग्य रीत

१. ओझे उचलताना : ओझ्याच्या अगदी जवळ जावे. पाय थोडे फाकून, गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून ओझे छातीशी घ्यावे व मांड्यांच्या बळावर उठावे. ओझे हाती असता कमरेत पीळ देऊ नये. वळावयाचे असल्यास पावले टाकून सर्व शरीर वळवावे. जड पोते दोघांनी उचलावे.

२. फवारणी करताना : पंप जमिनीवर ठेवून भरू नये. ओट्यावर अथवा गाडीच्या साटीवर ठेवून भरावा, म्हणजे तो पाठीवर घेताना वाकावे लागत नाही. दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे असावेत व त्यांखाली जाड कापडाची घडी ठेवावी. एकाच खांद्यावर पंप अडकवू नये. ज्यास भार सोसत नाही त्याने पंप पाऊण भरावा. खेपा वाढतील, परंतु पाठ वाचेल.

३. वेचणी करताना : कापसाची झोळी दोन्ही खांद्यांवर तोलून राहील अशी शिवावी व ती पाच-सहा किलो भरताच रिकामी करावी. खालची बोंडे वेचताना नुसती कंबर न वाकविता गुडघेही वाकवावेत.

४. खुरपणी व कापणी करताना : जेथे ओळीतील अंतर पुरेसे आहे तेथे उभ्याने चालविता येणारे सायकल कोळपे वापरावे. त्याची मूठ कोपराच्या उंचीच्या जवळपास असावी. केवळ रोपांजवळचे तण खुरप्याने काढावे. कापणीस दातेरी विळा घ्यावा व त्यास वेळोवेळी धार लावावी. बोथट हत्याराला जोर अधिक लागतो व तो जोर अखेर खांद्यातूनच येतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम झाले आहे. त्यांची माहिती सहायक कृषी अधिकाऱ्याकडे अवश्य विचारावी.

५. कामाची पाळी : अर्ध्या तासाने एकदा तरी दोन मिनिटे उभे राहून पाठ मागे ताणावी. दिवसभर एकच काम न करता वाकण्याचे व उभ्याचे काम आळीपाळीने करावे. शेतमालकास यात वेळ वाया गेल्यासारखे वाटेल. पण सोयाबीनची कापणी आणि कापसाची पहिली वेचणी एकाच सुमारास येते, मजूर मिळत नाहीत आणि अशा वेळी एक माणूस आठ दिवस पडून राहिला तर होणारे नुकसान त्या दोन-दोन मिनिटांहून कितीतरी मोठे असते. मजुराच्या घरी तर त्या आठ दिवसांची मजुरीच बुडते.

ताण देण्याचे व्यायाम

हे व्यायाम सकाळी कामास निघण्यापूर्वी व रात्री निजण्यापूर्वी करावेत. झटका देऊ नये. ताण जाणवेल, पण वेदना होणार नाही, एवढेच करावे. प्रत्येक स्थितीत पाच सावकाश श्वास होईपर्यंत थांबून प्रत्येक व्यायाम पाच वेळा करावा.

(अ) मान : ताठ बसून उजवा कान उजव्या खांद्याकडे न्यावा, नंतर डावा कान डाव्या खांद्याकडे. खांदा वर उचलू नये. मान गरगरा फिरवू नये.

(आ) खांदे : दोन्ही खांदे कानांकडे उचलून मागे व खाली गोल फिरवावेत. नंतर हातांची बोटे एकमेकांत गुंफून हात डोक्यावर ताणावेत.

(इ) उभ्याने कंबर : दोन्ही तळवे कमरेवर मागे ठेवून अलगद मागे झुकावे. शेतात बांधावर करण्यास हा व्यायाम सर्वांत सोयीचा होय.

(ई) निजून कंबर : उताणे निजून प्रथम एक, मग दुसरा व नंतर दोन्ही गुडघे हातांनी छातीकडे ओढावेत.

(उ) मार्जारासन : हात व गुडघे टेकून पाठ सावकाश वर कमानीसारखी करावी व नंतर खाली झोळीसारखी सोडावी.

एखाद्या व्यायामाने दुखणे पायाकडे उतरू लागले तर तो व्यायाम बंद करावा.

मालीश व शेक

मालीशाने आखडलेले स्नायू सैल होतात व काही काळ आराम पडतो. तिळाचे, करडईचे किंवा घरात असेल ते तेल चालते. तेलाचे काम हात सहज सरकविण्याचे आहे, गुण मुख्यतः चोळण्याचा आहे. रुग्णास पालथे निजवून कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर तळहाताने खालून वर सावकाश चोळावे. खांदा व मान यांमधील स्नायू अंगठा व बोटे यांत धरून कणीक मळल्याप्रमाणे मळावा. प्रत्यक्ष मणक्यांवर व गळ्याच्या पुढील बाजूस दाब देऊ नये. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. नंतर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याचा किंवा वाळूच्या पुरचुंडीचा शेक द्यावा. शेक अंगास सोसेल इतकाच असावा. मधुमेहाने ज्याच्या अंगाची संवेदना कमी झाली आहे त्यास तो जपून द्यावा. फवारणी केलेल्या दिवशी साबणाने स्वच्छ स्नान केल्याशिवाय अंगास तेल लावू नये, नाहीतर कातडीवर उरलेले विषारी औषध तेलाबरोबर चोळले जाईल.

पाठीत उसण भरली असता पायाळू माणसाची लाथ मारून घेणे, बिब्बा लावणे अथवा डाग देणे, हे प्रकार अजूनही कोठे कोठे चालतात. लाथेने आधीच दुखावलेल्या पाठीस नवी इजा होऊ शकते. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात. डागण्याने जखम तेवढी पदरी पडते. उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच ओसरते व श्रेय मात्र लाथेस मिळते. हे प्रकार सोडून द्यावेत.

त्याचप्रमाणे दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेण्याची सवय घातक आहे. अशा गोळ्यांनी जठरास व्रण पडण्याचा व मूत्रपिंडास अपाय होण्याचा धोका असतो.

विश्रांती किती घ्यावी?

कंबर धरली की पंधरा-पंधरा दिवस निजून राहावे, हा समज आता मागे पडला आहे. पहिला एक-दोन दिवस जड काम टाळावे, परंतु घरातल्या घरात हिंडत-फिरत राहावे व सोसेल तसतसे काम वाढवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० मध्ये जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. या संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रुग्णास योग्य माहिती देणे, व्यायाम व मालीश यांसारख्या उपायांची शिफारस असून कमरेचे पट्टे नेहमी वापरण्याची शिफारस नाही. निजण्यासाठी झोळ पडलेली बाज टाळावी व उशी मान सरळ राहील एवढीच उंच असावी.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

बहुतेक पाठदुखी स्नायूंची असते व काही आठवड्यांत बरी होते. परंतु पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये : पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे, लघवी अथवा शौचावरील ताबा जाणे, जांघेचा भाग बधिर होणे, दुखण्याबरोबर ताप येणे वा वजन घटणे, रात्री निजल्यावरही दुखणे न थांबणे, झाडावरून किंवा वाहनावरून पडल्यानंतर पाठ दुखणे. मणक्यांचा क्षयही पाठदुखीच्या रूपाने प्रकट होतो, आणि तो औषधाने बरा होतो. डावा खांदा, मान व छाती एकदम दुखून घाम फुटल्यास तो हृदयविकार असू शकतो, अशा वेळी मालीश करीत न बसता रुग्णालय गाठावे. प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढील उपचारांची सोय नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आहे.

शेवटी एका गोष्टीचा निर्देश करणे आवश्यक आहे. शेतातील वाकून करावयाची कामे मोठ्या प्रमाणात स्त्रियाच करतात. खुरपणीहून परतल्यावर पाणी, सरपण व स्वयंपाक हीही त्यांचीच कामे असतात. त्यांच्या पाठीस दिवसात विसावा असा मिळतच नाही. कोळपे, दातेरी विळा, दोन खांद्यांची झोळी यांवर होणारा खर्च थोडा आहे. घरातील पुरुषाने पाण्याच्या घागरी स्वतः आणल्या तर त्यास काहीच खर्च नाही. बैलाच्या खांद्याची काळजी वाहणाऱ्या शेतकऱ्याने यंदाच्या खांदेमळणीच्या दिवशी आपल्या घरातील कष्टणाऱ्या खांद्यांचीही विचारपूस करावी.