मुंबई–नागपूर : अंतराचा आणि वेळेचा हिशेब

घाटकोपर-कुर्ल्यावरून सांताक्रूझकडे उतरणारी विमाने गोवंडीतील मुलांच्या रोजच्या पाहण्यातील आहेत. त्यांतील एखादे विमान किती अंतर तोडून, किती वेळात आले असावे, हे जाणण्यास तिकीट लागत नाही. नकाशा आणि शालेय गणित पुरेसे आहे. उदाहरणादाखल आपणां सर्वांच्या ओळखीचा मुंबई–नागपूर मार्ग आम्ही येथे घेत आहोत.

मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांश व ७२.८७ पूर्व रेखांश येथे, तर नागपूरचा २१.०९ व ७९.०५ येथे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे दक्षिणोत्तर अंतर २२२ किलोमीटर भरते. रेखांश ध्रुवाकडे जाताना परस्परांजवळ येत जातात. आपल्या पट्ट्यात त्यांचा एक अंश सुमारे १०४.५ किलोमीटर होतो. म्हणून पूर्वपश्चिम अंतर ६४६ किलोमीटर येते. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ६८३ किलोमीटर, हेच सरळ हवाई अंतर. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेणारा लोहमार्ग मात्र ८३७ किलोमीटरांचा आहे.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने ६८३ किलोमीटर अंतर ५१ मिनिटांत संपावयास हवे. तरीही वेळापत्रकात सुमारे दीड तास दिलेला असतो. कारण चढताना व उतरताना वेग कमी असतो, मार्ग अगदी सरळ नसतो, धावपट्टीपर्यंतची वाटचालही त्या वेळेत धरलेली असते आणि मुंबईच्या आकाशात गर्दी असल्यास घिरट्या घालाव्या लागतात.

या मार्गाला इतिहासही आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास जमत. तेथे टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होऊन ती पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. ताशी २७० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या त्या काळच्या डकोटा विमानास मुंबईहून नागपूर गाठण्यास अडीच तास लागत असावेत. देशाच्या मध्यभागी असणे, हेच नागपूरचे सामर्थ्य होते. त्या सोनेगाव विमानतळास आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे.

परंतु प्रवास विमानतळापासून सुरू होत नाही, घरापासून होतो. गोवंडीहून विमानतळ गाठण्यास एक तास, तेथे आधी पोहोचण्याचे दोन तास, विमानाचा दीड तास, सामान घेऊन दीक्षाभूमीपर्यंत जाण्यास आणखी एक तास. म्हणजे साडेपाच तास झाले. प्रत्यक्ष हवेत असतो तो यांतील जेमतेम सव्वा तास. रात्रीच्या गाडीत झोपून जाणाऱ्या कुटुंबाने विमानाचे भाडे या साडेपाच तासांशी ताडून पाहावे, जाहिरातीतील दीड तासाशी नव्हे.

छापलेला आकडा खरा असतो, पण तो कोठून कोठपर्यंत मोजला आहे, हे विचारल्यावाचून स्वीकारू नये. आमच्या मते शिक्षणाचे हेच प्रयोजन आहे. पालकांनी मुलांसह आणखी एक उदाहरण सोडवावे. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ १९.८६ अक्षांश व ७५.४० रेखांश येथे आहे. नागपूरपासून त्याचे हवाई अंतर काढावे. उत्तर ४०५ किलोमीटरच्या आसपास आले, तर हिशेब जमला असे समजावे.