नाताळातील हस्तकला-बाजार व परोपकाराचे शिक्षण



डिसेंबर मध्यावर आला म्हणजे सानगडी परिसरातील धानाची कापणी व मळणी बहुतेक आटोपलेली असते. खळ्यावर तणसाचे ढीग लागतात, घरात नवे धान्य येते आणि सकाळच्या परिपाठाला मुले थंडीने कुडकुडत उभी राहतात. त्यांपैकी काहींच्या अंगात स्वेटर असतो, काहींच्या नसतो. ह्याच सुमारास तीन तारखा लागोपाठ येतात. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती (जन्म १८९९), २५ डिसेंबर हा नाताळ आणि २६ डिसेंबर ही बाबा आमटे ह्यांची जयंती (जन्म १९१४). नाताळची सुटी असते. म्हणून २४ तारखेस शाळेत मुलांच्या हस्तकलेचा लहानसा बाजार भरवावा व त्याचे उत्पन्न सत्कार्यास लावावे, अशी सूचना येथे करावयाची आहे.

ह्या प्रथेची पूर्वपीठिका

नाताळचा बाजार युरोपात फार जुना आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचा बाजार १४३४ पासूनचा मानला जातो. तेथील खेड्यांत गव्हाच्या काडाच्या चांदण्या करून घरात टांगतात. डेन्मार्कमध्ये आयनार होल्बेल नावाच्या एका टपाल कर्मचाऱ्याने सुचविल्यावरून १९०४ साली नाताळच्या पत्रांवर लावावयाची अल्प किंमतीची तिकिटे निघाली व त्यांच्या उत्पन्नातून क्षयरोगी मुलांच्या उपचारास साहाय्य झाले. हीच कल्पना पुढे अनेक देशांनी उचलली. ह्यातील तत्त्व आपण ध्यानात घ्यावे: वस्तू लहान असावी, किंमत कोणासही परवडेल अशी असावी, आणि घेणारे पुष्कळ असावेत.

कोणत्या वस्तू कराव्यात?

शहरातून महाग साहित्य आणण्याचे मुळीच कारण नाही. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी नयी तालीमचा विचार मांडला, तोच मुळी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा होता. आपल्याकडील धानाचे तणीस पाण्यात भिजवून चपटे केले की त्याच्या सुबक चांदण्या होतात. बांबूच्या कमच्यांवर रंगीत कागद चिकटवून दिवाळीत आकाशकंदील करणाऱ्या मुलांना नाताळचा ताराकंदील अवघड जाणार नाही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी विदर्भातील प्रत्येक बालकास ठाऊक आहे. संत फ्रान्सिस ह्यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो येथे येशूजन्माचा गोठा प्रथम मांडला, तेव्हा त्यात जिवंत बैल व गाढव होते, हे सांगितल्यास मुलांना तो गोठा परका वाटणार नाही. मातीची गुरे ती आपण होऊन करू लागतील.

गावातील बुरूडकाम करणारे कारागीर, सुतार व कुंभार ह्यांस एकेक तास वर्गात बोलवावे आणि त्यांस 'गुरुजी' म्हणूनच संबोधावे. ज्या हातांच्या कामास गाव कमी लेखतो, त्या हातांपुढे मुले शिकावयास बसली, तर तेवढ्यानेही ह्या उपक्रमाचे सार्थक झाले असे समजावे.

हिशोबाचा पाठ

समजा, पाचवीच्या मुलांनी २० ताराकंदील केले आणि कागद, दोरा व डिंक ह्यांस ८० रुपये लागले. म्हणजे एकास ४ रुपये. विक्रीची किंमत १० रुपये ठेवली व १७ विकले गेले. जमा १७०, खर्च ८०, शिल्लक ९० रुपये आणि ३ कंदील हाती. ही मांडणी मुलांनीच फळ्यावर करावी आणि ती दुसऱ्या दिवशीही पुसू नये; पालकांनी येता-जाता ती वाचावी. लोकांच्या पैशाचा हिशोब लोकांपुढे ठेवणे, हा नागरिकशास्त्राचा सर्वांत चांगला धडा होय. ज्यांच्यापाशी रोकड नाही त्यांच्याकडून मापट्याने धान घ्यावे व त्याची किंमत वहीत मांडावी.

दान कोणास व कसे?

येथे शिक्षकाची खरी कसोटी आहे. बाजाराच्या उत्पन्नातून स्वेटर घेतला आणि परिपाठात एखाद्या मुलाचे नाव पुकारून तो त्याच्या अंगावर चढविला, तर त्याची थंडी जाईल. परंतु त्या क्षणाची लाज त्याच्या मनातून जन्मभर जाणार नाही. असे कदापि करू नये.

ह्या बाबतीत विदर्भातच एक थोर आदर्श आहे. बाबा आमटे ह्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली व १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. नुसत्या दानाने माणूस खचतो आणि श्रमाने तो उभा राहतो, ही त्यांची श्रद्धा होती. ज्यांच्या स्पर्शासही लोक भीत, त्या कुष्ठरुग्णांनी तेथे शेती केली, माग चालविले, भेटकार्डे केली, आणि ती कार्डे घराघरांत पोहोचली. घेणाऱ्यांनी भीक घातली नाही. वस्तू विकत घेतली.

हाच न्याय आपण लावावा. ज्याला मदत पोहोचावयाची तो मुलगाही वस्तू करणाऱ्यांत असावा. उत्पन्न शाळेच्या सामाईक निधीत जमा करावे आणि निकडीच्या वस्तू मुख्याध्यापकांनी नाव न उच्चारता घरी पोहोचवाव्यात. पाठ्यपुस्तके व मध्यान्ह भोजन हा मुलांचा हक्कच आहे. त्यांतील उणीव ह्या निधीतून झाकू नये, ती वरिष्ठांस लेखी कळवावी.

काही सूचना

१. नाताळ हा ख्रिस्ती बांधवांचा सण आहे. त्याची माहिती आदराने द्यावी; परंतु संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदास अनुसरून शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासना नसावी.

२. सहभाग ऐच्छिक असावा. वस्तूंवर करणाऱ्याचे नाव न घालता इयत्ता घालावी, म्हणजे विक्रीवरून मुलांत चढाओढ लागणार नाही.

३. कात्री व कोयता ह्यांचे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे.

४. ज्या मुलापाशी एकही रुपया नाही, त्याला बाजारात व्यवस्थेचे काम द्यावे व अखेरीस उरलेली एखादी वस्तू त्यास मेहनताना म्हणून द्यावी.

बाजार उठल्यावर वर्गात तणसाच्या काड्या व कागदाचे कपटे पडलेले असतील. ते सर्वांनी मिळून उचलावेत. मग मुलांस विचारावे, 'आज तुम्हांला अधिक आनंद कशाचा झाला, वस्तू विकली गेली त्याचा, की ती कोणाच्या उपयोगी पडेल त्याचा?' ह्या प्रश्नाची मुलांनी दिलेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपून जानेवारीच्या केंद्र-संमेलनात अवश्य आणावीत.