नक्षी, छायाचित्र आणि मालकी

जयपूर शहराच्या दक्षिणेस वसलेले सांगानेर हे लाकडी ठशांनी केलेल्या कापडछपाईसाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्या किंवा फिकट कापडावर उमटवलेली नाजूक फुले, वेली आणि बुट्ट्या ही तेथील छिपा कारागिरांच्या कामाची ओळख होय. एका नक्षीसाठी बहुधा अनेक ठसे लागतात. एक ठसा बाह्यरेषा उमटवतो, तर इतर ठसे तिच्यात निरनिराळे रंग भरतात. असे कापड आता दुकानांप्रमाणेच संकेतस्थळांवरूनही विकले जाते. तेथे ग्राहकाला पोत हाताळता येत नाही. चित्र पाहूनच त्याला निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे दुसऱ्याचे तयार चित्र उचलण्याचा मोह लहान व्यापाऱ्याला होतो. त्यातील धोका समजण्यासाठी अशा एका चित्रात किती हक्क गुंतलेले असतात, ते पाहिले पाहिजे.

पहिला हक्क छायाचित्राचा. 1957 च्या प्रताधिकार अधिनियमानुसार छायाचित्र ही कलाकृती होय, मग तिच्यात कलागुण असो वा नसो. हा हक्क, म्हणजेच कॉपीराइट, निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो; त्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. चित्रावर कोणाचे नाव नाही, एवढ्यावरून ते बेवारस ठरत नाही. सामान्यतः छायाचित्र काढणारा हाच त्याचा मालक असतो. मोबदला देऊन ते काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर मोबदला देणारा मालक ठरतो. मित्राने विनामूल्य काढून दिलेल्या छायाचित्राचा मालक मात्र तो मित्रच. छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही हा हक्क 60 वर्षे टिकतो. कापड विकत घेणाऱ्यास कापड मिळते. विक्रेत्याचे छायाचित्र वापरण्याचा अधिकार मिळत नाही. छायाचित्रकाराचे नाव खाली छापले म्हणजे परवानगी मिळाली, असेही नव्हे.

दुसरा हक्क नक्षीचा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बुट्टीवर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही. नव्या नक्षीची गोष्ट वेगळी आहे. कापडावर उतरवलेल्या नक्षीसाठी 2000 चा अभिकल्प अधिनियम आहे. त्याखाली नोंदणी केल्यास 10 वर्षे व मुदतवाढीने आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. नोंदणीयोग्य नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने वा त्याच्या परवान्याने ती वापरलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने 50 हून अधिक वेळा तयार झाली, तर तिच्यावरील प्रताधिकारही संपतो. मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या फर्निचरच्या कापडासंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये हाच नियम लागू केला. येथे कारागिराचे मोठे हित गुंतलेले आहे. नोंदणीचा अर्ज नक्षी प्रकाशात येण्यापूर्वी करावा लागतो. ती आधी स्वतःच्या संकेतस्थळावर झळकवली, तर तेच नोंदणीच्या आड येऊ शकते.

तिसरा हक्क नावाचा. सांगानेरी हातठसा छपाईला 1999 च्या अधिनियमाखाली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. यंत्रावर छापलेल्या कापडासमोर हातछपाईचे चित्र व सांगानेरचे नाव लावणारा व्यापारी छायाचित्रकाराबरोबरच कारागिराचा व ग्राहकाचाही अपराधी होतो.

प्रताधिकाराचा भंग झाल्यास मालक न्यायालयाकडून मनाईहुकूम व नुकसानभरपाई मागू शकतो. जाणूनबुजून केलेल्या भंगाबद्दल 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे.

म्हणून परवानगी लेखी घ्यावी. कोणते चित्र, कोणत्या उपयोगासाठी, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात, हे तिच्यात स्पष्ट असावे. कारण मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. याहून सोपा मार्ग म्हणजे आपल्याजवळच्या कापडाचे छायाचित्र आपणच काढणे. ते कदाचित तितके देखणे नसेल. पण जे दाखवले तेच ग्राहकाच्या हाती पडेल.